विश्लेषण : एआयने प्रथिनांची रचना ओळखली, मग स्फटिक आणि क्ष-किरण कशाला हवेत?

कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांचे कोडे सोडवले, आता प्रयोगशाळेत घाम गाळायची गरज नाही, असा समज २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलनंतर समाजमाध्यमांवर बराच फिरला. त्या वर्षी ‘अल्फाफोल्ड’साठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, तर संगणकाच्या मदतीने नवी प्रथिने घडवल्याबद्दल डेव्हिड बेकर यांना हे पारितोषिक मिळाले. समज खरा असता, तर अमेरिकेतील मेन राज्यात, लुइस्टन गावच्या बेट्स कॉलेजात भरणारी विवर्तन पद्धतींवरची ‘गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स’ एव्हाना गुंडाळावी लागली असती. तसे झालेले नाही. का, ते पाहू.

परिषदेत नेमके काय चालते?

गॉर्डन परिषदांची परंपरा १९३१पासूनची. त्यांचा नियम आजच्या काळात विचित्र वाटेल असा आहे : तिथे सांगितलेले तिथेच राहते. भाषणांचे रेकॉर्डिंग नाही, स्लाइडचे फोटो नाहीत. अजून प्रसिद्ध न झालेले काम मोकळेपणाने मांडता यावे, हा त्यामागचा हेतू. पत्रकार म्हणून असा बंद दरवाजा खटकतो. पण या विषयात तो समजूनही घेता येतो. इथे यशस्वी प्रयोगाइतकीच फसलेल्या प्रयोगाची चर्चा मोलाची असते आणि फसलेला प्रयोग कॅमेऱ्यासमोर सहसा कुणी सांगत नाही.

विवर्तन म्हणजे काय?

प्रथिनातले शेजारचे दोन अणू एकमेकांपासून साधारण दीड अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून थोड्या जास्त अंतरावर असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या हजारो पट मोठी. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसणे शक्यच नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र या अंतराच्या जवळपास असते. म्हणून आधी प्रथिनाचा स्फटिक तयार करायचा. त्यात अब्जावधी रेणू कवायतीच्या मैदानासारखे ओळीने उभे असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि डिटेक्टरवर ठिपक्यांची नक्षी उमटते. हेच विवर्तन.

आता खरी गोम. ठिपका किती ठळक आहे हे मोजता येते. पण ती लाट डिटेक्टरवर पोहोचली तेव्हा चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची ‘फेज’, नोंदवली जात नाही. ज्यांनी एम-थ्रीच्या पेपरसाठी फूरियर ट्रान्सफॉर्म पाठ केला असेल त्यांना आठवेल की दोन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय मूळ चित्र परत मिळत नाही. ही हरवलेली फेज शोधून काढणे हेच या शास्त्राचे मूळ दुखणे. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र १९३५च्या सुमारास घेतले. रचना उलगडायला १९६९ उजाडले.

शिवाय क्ष-किरण स्फटिकाला जाळतातही. म्हणून तो उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवून ठेवतात. फ्री-इलेक्ट्रॉन लेसरने तर वेगळीच वाट काढली : स्फटिक नष्ट होण्याआधीच, काही फेमटोसेकंदांच्या झोतात, नक्षी टिपून घ्यायची. पुढच्या झोतासाठी पुढचा स्फटिक. अशा हजारो तुकड्यांतून एक चित्र जुळवायचे. ही जुळवाजुळव बिनचूक कशी करायची, हे पद्धतींवर काम करणाऱ्यांचे काम.

पद्धत चुकली तर?

तर काय होते, हे २००६मध्ये जगाने पाहिले. पेशीबाहेर औषधे फेकणाऱ्या प्रथिनांच्या रचना कॅलिफोर्नियातील एका नामांकित प्रयोगशाळेने मांडल्या होत्या. त्याच कुळातल्या एका प्रथिनाची झुरिकमध्ये सुटलेली रचना त्यांच्याशी जुळेना. शोध घेतला तेव्हा कळले की प्रयोगशाळेतल्या घरगुती प्रोग्रॅमने आकड्यांचे दोन स्तंभ अदलाबदल केले होते आणि त्यामुळे चित्र उलटे झाले होते. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. चूक दोन स्तंभांची. पण त्या रचनांवर विसंबून दुसऱ्यांनी आखलेले प्रयोगही पाण्यात गेले.

मग एआयचे काय?

अल्फाफोल्ड शिकला तो प्रोटीन डेटा बँकेवर. १९७१मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या आणि सर्वांना फुकट खुल्या असलेल्या या भांडारात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत. त्यातल्या बहुतांश क्ष-किरण विवर्तनातून आलेल्या. म्हणजे नोबेलमागचे इंधन या लोकांनी पन्नास वर्षे साठवले. अल्फाफोल्डच्या भांडारात वीस कोटींहून अधिक रचना असल्या, तरी ते अंदाज आहेत. बहुतेक वेळा उत्तम अंदाज. पण औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत नेमका कसा बसतो, मध्ये पाण्याचा कण कुठे अडकतो, हे औषध बनवणारा प्रयोगाने तपासल्याशिवाय मान्य करत नाही. करू नये.

गंमत अशी की एआयने या मंडळींचे काम हलकेच केले. अल्फाफोल्डचा अंदाज सुरुवातीचा नमुना म्हणून वापरला की हरवलेली फेज बऱ्याचदा पटकन सापडते. दोघांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरवण्याचा उद्योग आपण माध्यमांनीच केला आहे.

भारत कुठे आहे?

पायाभरणीत आहे. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३मध्ये मांडलेला ‘रामचंद्रन प्लॉट’ आजही प्रथिनाची नवी रचना तपासताना वापरतात. यंत्रांच्या बाबतीत चित्र इतके सुखावह नाही. इंदूरमधला इंडस-२ हा आपला प्रमुख सिंक्रोट्रॉन, २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तिथे प्रथिन-स्फटिकांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची बीमलाइन आहे. फ्रान्समधील ग्रनोबलचा स्रोत ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा आणि २०२०पासून नव्या पिढीचा. म्हणून अवघड, बारीक स्फटिक द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या डब्यांतून परदेशी जातात आणि इथला संशोधक मिळालेल्या वेळेत संगणकावरून तिथले यंत्र चालवतो. बीमटाइम दुसऱ्याच्या वेळापत्रकावर, स्फटिक कस्टम्सच्या भरवशावर.

नव्या पिढीचा सिंक्रोट्रॉन देशात उभारण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे. एआयसाठी निधीच्या घोषणा होत असताना तो मागे पडू देणे परवडणारे नाही, कारण उद्याच्या मॉडेलला शिकवायला लागणारा डेटा अशाच यंत्रांतून येतो. यंत्रासोबत माणसेही लागतील : डिटेक्टर जुळवणारी, प्रोग्रॅम लिहिणारी, दुसऱ्याच्या रचनेतली चूक शोधणारी. अशा कामाला आपल्याकडे स्वतंत्र पद क्वचितच असते. बहुतेकदा ते पीएचडीचा विद्यार्थी प्रबंध सांभाळून करतो आणि पदवी मिळाली की निघून जातो.