आधी बोलावे, मग मारावे

अमेरिकेत भरभराटीस आलेल्या पूल या खेळाच्या दोन प्रकारांविषयी खेळाडूंत मोठा वाद आहे. नऊ चेंडूंच्या डावात सर्वांत लहान अंकाच्या चेंडूस प्रथम स्पर्श झाला, की नंतर अकल्पितपणे पॉकेटात पडलेला चेंडूही ग्राह्य धरतात. दहा चेंडूंच्या डावात मात्र चेंडू व पॉकेट दोन्ही आधी सांगावी लागतात. दैवास थोडा वाव असल्याने दुबळ्यासही आशा राहते, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तथापि श्रेयस्कर दुसराच नियम होय. बोलून मिळविलेले यश निःसंशय आपले असते. परीक्षेत अंदाजाने साधलेले उत्तर गुण देते, विद्या देत नाही, हे विद्यार्थिबंधूंनी ध्यानी ठेवावे.