शिट्टी थांबल्यावर

निवृत्तीनंतर रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "रोज व्यायाम करा." मी मैदानावर गेलो, दोन्ही हात वर केले आणि तसाच उभा राहिलो. पुढे काय करायचे ते सांगणारे कोणी नव्हते! शाळेत वर्षानुवर्षे कवायत केली ती सरांच्या शिट्टीवर. हा व्यायाम कशासाठी, मला कितपत झेपतो, उद्या त्यात काय वाढवायचे, हे प्रश्न कधी पडलेच नाहीत.

अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या मस्का मॉस्टन यांनी १९६६ मधल्या आपल्या पुस्तकात नेमके हेच विचारले: व्यायामाच्या तासाला निर्णय कोण घेतो, शिक्षक की विद्यार्थी? त्यांचे दोरीचे उदाहरण मला फार आवडते. उंच उडीची दोरी आडवी, सरळ बांधली की लठ्ठ, बुटकी मुले एकेक करून बाद होतात आणि कडेला बसून राहतात. म्हणजे ज्यांना सरावाची गरज जास्त, त्यांनाच तो मिळत नाही. तीच दोरी तिरकी बांधा. कुठून उडी मारायची, हे प्रत्येक मूल स्वतः ठरवते. आज जमले की उद्या चार बोटे वर सरकते. कोणी सांगावे लागत नाही.

शिट्टी वाईट, असे मात्र नाही. लेझीमची रांग हुकुमावाचून जमत नाही, भालाफेकीत तर हुकूम मोडणे जिवावर बेतेल. मॉस्टन यांनीही एकाच पद्धतीचा हट्ट धरला नाही. पण दहा वर्षे नुसती शिट्टीच?

आमच्या सरांना तरी दोष कसा देऊ? साठ मुले आणि एक चेंडू. मी स्वतः बँकेत परिपत्रकांवर नोकरी काढली. हुकूम किती सोयीचा असतो, हे मला ठाऊक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान सक्तीचे केले. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मात्र सहावी ते आठवीला, तोही शंभरावर मुले असतील तर आणि अर्धवेळ! अशा शिक्षकाने कोणाकोणासाठी दोरी तिरकी बांधायची? आणि परीक्षा जवळ आली की तो तासही गणिताकडे जातो, त्याबद्दल आपण पालक कधी तक्रार करतो का?

मी आता वही घातली आहे. फेऱ्या, वेळ, कुठे दुखले, सारे खतावणीसारखे लिहितो. काल गुडघा कुरकुरला म्हणून एक फेरी कमी केली. शेजारचे गृहस्थ अजून मला विचारतात, "साहेब, किती मारायच्या?"