इंकांचा दगड पवित्र, आपला मात्र अंधश्रद्धा?

कुस्कोभोवतीच्या पूज्य खडकांना, झऱ्यांना इंका लोक ‘वाका’ म्हणत. बर्नाबे कोबो या पाद्र्याच्या १६५३ च्या ग्रंथात अशा तीनशेहून अधिक स्थळांची यादी आहे. तिच्यावर आज प्रबंध होतात. मुकुटबनकडच्या गोंड-कोलामांच्या शिवारातील पूजेचा दगड मात्र आपल्या लेखी निव्वळ अंधश्रद्धा! हा कुठला न्याय? दामोदर धर्मानंद कोसंबी नास्तिकच होते. तरीही पुण्याभोवतीच्या वाटा तुडवून त्यांनी शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी तपासली, लगत अश्मयुगीन इवली हत्यारे वेचली आणि ही ठाणी प्राचीन वाटांच्या चव्हाट्यांवर असल्याचे ‘मिथ अँड रिॲलिटी’त (१९६२) दाखवले. मित्रहो, श्रद्धा नसेल तर नसो. पण जीर्णोद्धाराचे सिमेंट ओतण्यापूर्वी त्या दगडाची जागा, वाट, पाणवठा कोणी टिपला आहे काय?