हवेसाठी खिडकी, जिवासाठी झाड

नर्सरीत हल्ली अरेका पाम, स्नेक प्लांट, पीस लिली यांच्या कुंड्यांवर ‘एअर प्युरिफायर’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असलेली माणसं त्या वाचून मोठ्या आशेने रोपं घेऊन जातात. म्हणून हे स्पष्ट लिहायला हवं: चार कुंड्यांनी खोलीतली हवा शुद्ध होत नाही.

या समजाचं मूळ 1989 सालच्या ‘नासा’च्या अभ्यासात आहे. बिल वुल्व्हर्टन यांनी हवाबंद पेट्यांत रोपं ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड अशी रसायनं सोडली. काही तासांनी त्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. प्रयोग खराच होता, पण आपलं घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दारं-खिडक्यांच्या फटींतूनसुद्धा हवा सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेरिंग या संशोधकांनी 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतकं काम रोपांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वदेक कुंड्या! स्नेक प्लांट रात्रीही ऑक्सिजन देतं, हेही असंच पसरलेलं. ते रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो.

मला खरी काळजी वाटते ती घरात आपण स्वतः करत असलेल्या धुराची. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइल घ्या. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. त्यात उदबत्ती, धूप आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका. नव्या फर्निचरच्या प्लायवूडमधल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड कित्येक महिने निघत राहतो. त्यावर कोपऱ्यातला मनीप्लांट काय करणार?

उलट तो मनीप्लांट काचेच्या बाटलीत असेल, तर तिच्याकडे नीट बघा. मुळांच्या जाळीत वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर त्या डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या असू शकतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात, ते याचसाठी. आपण रोप आणतो, त्याच्या पाण्यात डास होतात, मग डासांसाठी खिडक्या लावून कॉइल पेटवतो. हे चक्र तोडायचं तर आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून बाटली आतून घासायची आणि कॉइलऐवजी खिडक्यांना जाळ्या बसवायच्या.

आपल्या जुन्या घरांना हवेची जाण होती. वाड्यात स्वयंपाकघराच्या छपराला धूर जायला वाट असे, चाळीत दारावर झडप असे. आता आपण बाल्कनी आत घेतो, स्लायडिंग लावतो आणि ड्राय बाल्कनीत कपाटं कोंबतो. रस्त्याकडेच्या घरात खिडकी उघडावी कशी, हा प्रश्न रास्तच आहे. हिवाळ्यात सकाळी धूळ-धूर खाली साचलेला असतो. ऊन चढल्यावर हवा वर उठते आणि तो विरतो. तेव्हा दुपारी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. फोडणीआधी एक्झॉस्ट लावून गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा.

झाडं जरूर लावा. माझ्या खिडकीत तुळस आहे, गवती चहा आहे. नवं पान फुटलं की जीव सुखावतो, आणि झाड ठेवायला एवढं कारण मला पुरतं. ओल्या कचऱ्याचं खत त्यांनाच घाला. प्लास्टिकची नवी कुंडी विकत घेण्यापेक्षा जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडा. आणि नवा फ्लॅट बघायला जाल तेव्हा आधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या खिडक्या उघडून पाहा. त्या डक्टमध्ये उघडत असतील, तर तो डक्ट वर आकाशापर्यंत मोकळा आहे का, हे बिल्डरला विचारा.