ओढणं वेगळं आणि थांबवणं वेगळं, साहेब!

गाळप हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलावर एक बातमी ठरलेली असते. 'उसाच्या ट्रॉलीला धडकून दुचाकीस्वार ठार.' गाव आणि वय तेवढं बदलायचं. शेवटची ओळही ठरलेली, चालकावर गुन्हा दाखल. म्हणून आज बातमी नाही, सरळ हिशेब मांडतोय. थोडं लांबेल, पण वाचा.

पन्नास एचपीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण २ टनांचा. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून २० टनांच्या आसपास ऊस. ट्रॉल्यांचं वजन वेगळंच. म्हणजे स्वतःच्या दहापटीहून जास्त ओझं! "ओढतो की आरामात," मालक छाती फुगवून सांगतात. अहो, ओढतो हो. प्रश्न थांबवण्याचा आहे. ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, ट्रॉलीला बहुतेक वेळा काहीच नाही. उताराला ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. चढाला पुढची चाकं उचलतात, मग स्टेअरिंग फिरवून उपयोग काय? त्याच वेगात वजन दुप्पट झालं की थांबवायला जोर दुप्पट लागतो. वेग दुप्पट झाला तर चौपट.

आता कागद बघा. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. नोंदीत दोन आकडे असतात : रिकामं वजन आणि मालासकट कमाल वजन. वजाबाकी केली की किती ऊस भरायचा ते कळतं. चौथीच्या पोराला जमेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ सांगतं, त्या आकड्यापलीकडे गाडी चालवायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणजे ५ टन जादा असले तर ३०,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. आणि हे फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे.

मग पुरावा कुठे शोधायचा? शोधायची गरजच नाही! कारखान्याच्या गेटवर वजनकाटा आहे. भरलेली गाडी मोजतात, रिकामी मोजतात, किलोपर्यंत पावती निघते. राज्यात दुसरी कुठली वाहतूक इतकी चोख मोजली जात नसेल. रोज शेकडो पावत्या, वेळ आणि वाहन नंबरसकट. परिवहन खात्याने त्या मागायच्या, नोंदणीतल्या आकड्याशी ताडायच्या, संपलं. हे काम कोण का करत नाही, ते तुम्हाला-मला चांगलं माहीत आहे. कारखान्याचं संचालक मंडळ कोणाचं असतं?

"शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय का?" हा प्रश्न येणारच. वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात, उचल फेडायची असते, ट्रॅक्टरचा हप्ता असतो. तो खेप कमी करून भार वाढवणारच. दोष त्या पोराचा कमी, दर ठरवणाऱ्यांचा जास्त. खेपा वाढल्या तर तोडणी-वाहतूक महागेल आणि ती शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापली जाईल, हेही खरं. पण आज ती बचत रस्त्यावरचा माणूस जीव देऊन भरतोय. आणि रस्ताही. एका आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. दिवाळीआधी केलेलं डांबरीकरण होळीपर्यंत का टिकत नाही, ते समजलं ना?

मागणी साधी आहे. काट्याच्या प्रत्येक पावतीवर वाहनाची मंजूर क्षमता छापा. जादा भरलेल्या उसाला वाहतुकीचा दर देऊ नका. हंगामाच्या शेवटी या पावत्या लोकांसमोर ठेवा. ट्रॉलीला चालू ब्रेक आणि मागे रिफ्लेक्टर नसेल तर गव्हाणीपर्यंत येऊच देऊ नका.

तुमच्या भागातला कारखाना यातलं काही करत असेल तर खाली लिहा, मी बातमी करीन, पहिल्या पानावर. करत नसेल तर वार्षिक सभेत उभं राहून विचारा. सभासद तुम्ही आहात, काटा तुमचा आहे.