अरुंद अक्षर आणि रुंद पान

सध्यां प्रबंध तपासण्याचे दिवस आहेत. आमच्या टेबलावर सहा प्रबंध पडले आहेत. विषय सहा, विद्वत्ता सहा परींची. अक्षर मात्र सर्वांचें एकच, टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट. आमच्याकडील अनेक विद्यापीठांच्या नियमावलींत इंग्रजी प्रबंधास हें अक्षर सक्तीचें असतें. ही सक्ती अविचाराची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अक्षराची निंदा आम्हांस करावयाची नाहीं. स्टॅन्ले मॉरिसन यांच्या देखरेखीखालीं व्हिक्टर लार्डेंट यांनीं रेखाटलेलें हें अक्षर ३ ऑक्टोबर १९३२ रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत प्रथम अवतरलें आणि १९७२ पर्यंत तेथें नांदलें. वर्तमानपत्राचा रकाना चिंचोळा. त्यांत पुष्कळ मजकूर मावावा आणि वाचकाचे डोळेहि शिणूं नयेत, हा पेंच होता. तो सोडवितांना अक्षरांची रुंदी आवळली, पण लहान अक्षरांचा मधला भाग उंच ठेवला. वरच्या-खालच्या शेपट्या आंखूड केल्या, म्हणून ओळी जवळ बसल्या. टोकांचे सेरिफ नांवाचे फांटे रेखीव राखले. रकान्यासाठीं हें अक्षर नामी आहे.

परंतु प्रबंधाच्या पानास रकाना कोठें आहे? २१ सेंटिमीटर रुंद कागदावर समास सोडून सुमारें १६ सेंटिमीटरांची ओळ उरते. तींत हीं अरुंद अक्षरें ९० च्या घरांत बसतात. आणि एका ओळींत ४५ ते ७५ असावींत, हा मुद्रणकलेचा सर्वमान्य दंडक! पुढच्या ओळीचा आरंभ शोधतांना डोळा चुकतो नि आम्ही तीच ओळ दोनदां वाचतों. विद्यार्थ्यांच्या पुनरुक्तीस आम्ही बोल लावतों. त्यांतील थोडी या अक्षराचीहि असेल.

कोणी म्हणतील, कागद वाचतो. मग त्याच नियमावलींत ओळींमध्यें दीडपट वा दुप्पट अंतर कां सक्तीचें असतें? रुंदींत कवडी वाचवावयाची आणि उंचींत रुपया उधळावयाचा, हें कोणतें अर्थशास्त्र? दुसरे म्हणतील, एकसारखेपणा हवा. हवा खरा, पण तो ओळीची लांबी ठरवूनहि साधतो.

आम्हांस वाटतें, येथें कोणी विचार केलाच नाहीं. १९९२ पासून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर हें अक्षर घरोघर आलें आणि वर्डमध्यें बरीच वर्षें आपोआप उमटूं लागलें. २००७ सालीं त्याच कंपनीनें वर्डमध्यें त्याच्या जागीं कॅलिब्री बसविलें. आमच्या नियमावल्या मात्र होत्या तेथेंच राहिल्या. यंत्राची संवय हाच आमचा शास्त्राधार!

आमची मागणी लहान आहे. हेंच अक्षर हवें असेल, तर समास वाढवा किंवा मजकूर दोन रकान्यांत लावा. रुंद ओळच हवी असेल, तर तिला शोभेल असें रुंद अक्षर घेऊं द्या. परीक्षकाच्या डोळ्यांची कींव नको. पण ज्यानें वर्षानुवर्षें खपून प्रबंध लिहिला, त्याचें म्हणणें नीट वाचलें जावें, एवढा त्याचा हक्क नाहीं काय?