दात काढले, जबड्याचं काय?

आपल्या आरोग्य-शिबिरांत बायांचं रक्त तपासलं जातं, गर्भाशयाविषयी बोललं जातं. तोंड उघडायला मात्र कुणी सांगत नाही. पन्नाशीच्या आतच खालचे सगळे दात गेलेल्या बाया वस्तीत भेटतात. वर्षानुवर्षांची मिश्री, दुखणं अंगावर काढायची सवय, आणि 'हलतोय ना, मग काढून टाका' हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यानंतर जबड्याचं काय होतं, हे दात काढताना तिला कुणी सांगत नाही.

दात असतो तोवर चावण्याचा भार हाडाला मिळतो. दात गेला की हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने झिजतं, पुढेही थांबत नाही, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. खालची म्हणजे नुसती नालेसारखी पट्टी, तीही जिभेने उचलली जाते. हाड फारच खाली गेलं की हनुवटीच्या बाजूने बाहेर येणारी नस कवळीखाली दबते. घास चावला की कळ ओठापर्यंत जाते. मग कवळी डब्यात आणि भाकरी कालवणात कुस्करून. घरचे म्हणतात, 'कवळी घालायचा कंटाळा करते.' कंटाळा!

यावर इलाज आहे. कमरेचं किंवा जबड्याच्याच मागच्या भागाचं हाड घेऊन झिजलेल्या जागी त्याचं कलम करतात, काही महिने ते जुळू देतात, मग त्यात टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवतात. हा धातू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं. त्यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. पण कमरेचं हाड काढायचं म्हणजे पूर्ण भूल आणि काही आठवडे दुखरं चालणं. मोलमजुरी करणारीने ते दिवस कुठून आणायचे?

शिवाय कलम प्रत्येकीला लागतंच असं नाही. मागे हाड झिजलं तरी पुढे हनुवटीपाशी ते बहुधा शिल्लक असतं. तिथे दोन इम्प्लांट घालून कवळी ब्लाउजच्या टिचबटणासारखी बसवता येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं म्हटलं. आपल्याकडे मात्र इम्प्लांट म्हणजे श्रीमंतांचं नटणं. गुडघा बदलण्याला कुणी नटणं म्हणत नाही! सरकारी दवाखान्यात दात निघतो जवळजवळ फुकट. चावण्याची सोय ज्याने-त्याने आपल्या खर्चाने करायची. आणि घरात पैशाची वाटणी होताना सासूचे दात कितव्या नंबरावर येतात, हे आपल्याला सांगायला नको.

बाईबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या कार्यकर्तीने सहीपूर्वी विचारावं: कलम खरंच लागणार का? दोन इम्प्लांटवर भागेल का? साखर आणि मिश्री दोन्ही आटोक्यात नसतील तर जखम भरत नाही, हेही बाईला स्पष्ट सांगावं. हाडं ठिसूळ झाल्याच्या किंवा कॅन्सरच्या हाडांसाठीच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. त्यांतल्या काहींमुळे जबड्याचं हाड मरू शकतं.

याच्याही आधीची मागणी दात काढायच्या खुर्चीपाशी करायला हवी. सुळ्यांची मुळं घट्ट असतील तर ती राखून वर कवळी बसवता येते, आणि तिथलं हाड टिकतं. सगळे दात एका दिवशी उपटण्यापूर्वी एवढं तरी तिला विचारलं जावं.